घाणेरी काढायला नव्हे, गवत आणायला पैसे मागा: जंगलातल्या उपऱ्या झुडपांसाठी सरकारी निधी कसा मिळवायचा

आमचा पहिला प्रस्ताव परत आला तेव्हा त्यावर लाल शाईने एकच ओळ लिहिलेली होती: "सदर काम अनुज्ञेय नाही." नकाशा, फोटो, ग्रामसभेचा ठराव, मजुरांची यादी, सगळं जोडलं होतं. कामाचं नाव होतं, "जंगलातील घाणेरी काढणे, ५ हेक्टर". चूक त्या नावातच होती हे कळेपर्यंत आणखी एक पावसाळा निघून गेला आणि पाचाचे सहा हेक्टर झाले.

पूर्व विदर्भातल्या काही ग्रामसभांसोबत मी हे काम करतो. कोणी नवीन माणूस विचारायला आला की पहिल्याच दिवशी त्याला एक गोष्ट सांगतो: झुडूप उपटण्यासाठी सरकारकडे वेगळी थैली जवळजवळ नसते. पैसा असतो जंगल सुधारण्यासाठी, गवतासाठी, पाणी अडवण्यासाठी, वन्यप्राण्यांच्या अधिवासासाठी आणि लोकांच्या मजुरीसाठी. आपलं काम या शब्दांत मांडता आलं तर दार उघडतं. यात कागदाची चलाखी काही नाही. घाणेरी काढून जागा उघडी टाकली तर दोन पावसाळ्यांत ती पहिल्यापेक्षा दाट येते. म्हणून काम खरोखरच गवत आणण्याचं आहे.

आधी झुडूप नीट ओळखा

घाणेरीला कुठे टणटणी म्हणतात, आमच्याकडे कुठे रायमुनिया. पान चुरगाळलं की येणारा उग्र वास आणि एकाच गुच्छात पिवळी-गुलाबी-केशरी फुलं, ही तिची खूण. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शोभेचं झाड म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि तिथून देशभर पसरली. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातल्या वाघांच्या जंगलांपैकी सुमारे ४० टक्के, म्हणजे १,५४,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात तिचा फैलाव आहे. एक झुडूप वर्षाला १२ हजारांपर्यंत फळं देऊ शकतं. बुलबुल आणि मैना ती खातात आणि बिया लांबवर टाकतात. तिच्या पानांत यकृताला मारक विष असतं. चारा नसला की गुरं ती खातात आणि मग त्यांना कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते.

तिच्या जोडीला आणखी काही नावं लागतील. सह्याद्रीत आणि कोकणात रानमोडी, मेळघाट-ताडोब्याकडे रानतुळस, कोरड्या माळांवर आणि तलावांच्या काठी वेडी बाभूळ, आणि सगळीकडे गाजर गवत. हे गाजर गवत पहिल्यांदा १९५५ साली पुण्यात दिसलं. आजही खेड्यापाड्यांत त्याला काँग्रेस गवतच म्हणतात.

दिसलं झुडूप की टाक यादीत, असं मात्र करू नका. तरवड, धायटी, मुरुडशेंग, निर्गुडी ही आपली झुडपं आहेत. आमच्या एका गावात उत्साही पोरांनी पहिल्याच दिवशी अर्धा एकर धायटी साफ केली होती. धायटीच्या फुलांवर त्या गावाचे चार पैसे होतात. तेव्हापासून गावातल्या एखाद्या जाणत्या बाईला किंवा वैदूला सोबत घेतल्याशिवाय आम्ही कुऱ्हाड हातात देत नाही.

जमीन कोणाची, हे पहिल्या आठवड्यात शोधा

कोणत्या कार्यालयाचा जिना चढायचा हे सगळं यावर ठरतं. गावकऱ्यांच्या दृष्टीने सगळंच जंगल, पण कागदावर त्याचे बरेच तुकडे असतात. वनरक्षकाला भेटा आणि दोन गोष्टी विचारा: हा कक्ष क्रमांक कोणता (कक्ष म्हणजे जंगलाचा नंबर दिलेला तुकडा) आणि बीट कोणतं (म्हणजे एका वनरक्षकाच्या राखणीचा भाग). मग तलाठ्याकडून गट नंबर आणि सातबारा. या दोन कागदांवरून खालीलपैकी एक चित्र पुढे येतं.

राखीव किंवा संरक्षित वन असेल तर ते वन विभागाच्या प्रादेशिक शाखेकडे असतं. तिथे कामं कार्य आयोजनेनुसार चालतात. ही आयोजना म्हणजे त्या वनविभागाचा दहा वर्षांचा आराखडा. आपला कक्ष त्यात कोणत्या प्रकारच्या कामासाठी राखलेला आहे हे परिक्षेत्र कार्यालयात बघायला मिळतं. काही जंगल वनविकास महामंडळाकडे असतं. तिथे अधिकारी वेगळे, पैसा वेगळा.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर स्वतः होऊन काही उपटू नका. वन्यजीव संरक्षण कायदा आहेच, शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०००च्या आदेशाने तिथून वाळलेली लाकडं आणि गवतसुद्धा बाहेर काढायला बंदी आहे. तिथलं काम व्यवस्थापन आराखड्यातून, विभागामार्फतच होतं. गावाची भूमिका मजुरीची आणि बियाणं पुरवण्याची. तीही कमी नाही.

विदर्भातलं झुडपी जंगल महसूल खात्याच्या नोंदीत असतं, पण मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वनच असल्याचं स्पष्ट केलं. म्हणून "महसुलाची जमीन आहे, चालेल" असं कोणी म्हणालं तरी वन विभागाला कळवल्याशिवाय यंत्र लावू नका. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा मार्ग बराच सोपा.

आणि सामूहिक वनहक्क मिळालेलं जंगल असेल तर गोष्टच वेगळी. २००६च्या वनहक्क कायद्याने अशा जंगलाचं संरक्षण, पुनर्निर्मिती आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर असा हक्क मिळाला, अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरला २०१२मध्ये सुमारे १९३ हेक्टरांवर. पायविहीरने उजाड डोंगरावर वेगवेगळ्या योजनांतून काम उभं केलं आणि आज तिथलं सीताफळ बाजारात जातं. तुमच्या गावाला हक्क मिळालेला असूनही अधिकारपत्र कोणाच्या तरी पेटीत पडून असेल, तर आधी ते शोधा आणि दहा झेरॉक्स काढून ठेवा. व्यवस्थापन समिती नेमलेली नसेल तर ती नेमा आणि समितीच्या नावाने बँकेत खातं उघडा. खात्याला दोन-तीन महिने सहज लागतात. आमच्या एका गावात निधी मंजूर झाला तेव्हा खातंच नव्हतं आणि मार्च संपला.

मोजणी: दोरी, चार खुंट्या आणि एक वही

"खूप घाणेरी आहे" या वाक्याला निधी मिळत नाही. "इतक्या हेक्टरवर इतक्या टक्के" याला मिळतो.

वीस मीटर दोरीला पाच-पाच मीटरवर गाठी मारा. चार खुंट्या ठोकून दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखा. एका हेक्टरमध्ये असे शंभर चौकोन बसतात. सगळे मोजायचे नाहीत. दर हेक्टरी तीन-चार पुरेत, पण ते सोयीचे निवडू नका. पायवाटेकडेला घाणेरी नेहमीच दाट असते, तेवढीच मोजली तर आकडा फुगतो आणि तपासणीला आलेला माणूस आत शिरला की तुमची पत जाते. चौकोनात घाणेरीने किती भाग झाकला आहे ते अंदाजाने लिहा: दाट, मध्यम, विरळ. तिच्याखाली काय शिल्लक आहे तेही लिहा. पळसाची, तेंदूची, ऐनाची रोपं दिसतात का? गवताची एखादी काडी तरी आहे का? ही दुसरी नोंद पहिलीपेक्षा मोलाची आहे. खाली रोपं जिवंत असतील तर नुसतं ऊन मोकळं केलं तरी जंगल वर येतं आणि खर्च निम्म्यावर येतो.

मग त्याच चौकोनांपैकी एक प्रत्यक्ष साफ करून बघा. आमच्या चाचणीत दाट चौकोनाला दोन माणसांचा अर्धा दिवस लागला, म्हणजे एक मनुष्यदिवस. मध्यमला त्याच्या निम्मा, विरळला पाचवा हिस्सा. पाच हेक्टरांत दोन दाट, दोन मध्यम, एक विरळ धरला तर हिशोब असा बसला: २०० अधिक १०० अधिक २०, एकूण ३२० मनुष्यदिवस. तुमच्याकडे जमीन खडकाळ असेल तर आकडा वेगळा येईल, म्हणून चाचणी स्वतः करा. विभागाची दरसूची असतेच आणि अंदाजपत्रक तिच्यावरच बनतं. पण स्वतःचा आकडा हातात असला की दरसूचीतला कोणता दर आपल्या जागेला लागू होतो यावर बोलता येतं.

फोटो काढताना फोनमध्ये ठिकाण आणि तारीख उमटेल अशी सोय करा, आणि फोटो ज्या दगडावर उभं राहून काढला त्या दगडाला चुन्याचा ठिपका द्या. तीन वर्षांनी त्याच दगडावरून पुन्हा फोटो काढायचा आहे.

पैशाची दारं

सगळ्यात मोठी थैली कॅम्पाची, म्हणजे वनजमिनीच्या भरपाईतून साठलेल्या निधीची. धरणं, खाणी, रस्ते यांसाठी वनजमीन वळवली की प्रकल्पवाल्याकडून भरपाई घेतली जाते. त्या पैशासाठी २०१६मध्ये प्रतिपूरक वनीकरण निधी कायदा झाला, २०१८मध्ये नियम आले. निधीचा ९० टक्के वाटा राज्याकडे, १० टक्के केंद्राकडे. ऑगस्ट २०१९मध्ये साठलेली रक्कम राज्यांना मिळाली तेव्हा महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८४४ कोटी रुपये आले. या भरपाईतला एक भाग म्हणजे जंगलाचं निव्वळ वर्तमान मूल्य, कार्यालयात त्याला एनपीव्ही म्हणतात. नियमांनुसार त्यातला किमान ८० टक्के पैसा वन आणि वन्यजीव व्यवस्थापनावर खर्च करायचा असतो. त्या यादीत आपल्या कामाची नावं आहेत: नैसर्गिक पुनरुत्पादनाला साहाय्य, ज्याला सगळे एएनआर म्हणतात, वन्यप्राण्यांच्या अधिवासाची सुधारणा, मृद व जलसंधारण, वणवा प्रतिबंध, जैवविविधतेचं व्यवस्थापन. शिवाय वनजमिनीवरची ही कामं ग्रामसभेशी किंवा गावाच्या वन समितीशी सल्लामसलत करून घ्यायची असतात. हे वाक्य पाठ करून ठेवा. बैठकीत नम्रपणे पण स्पष्ट म्हणा: "साहेब, आमच्या कक्षातल्या कामाचा ठराव आम्ही द्यायला तयार आहोत, आम्हाला आराखडा दाखवा."

कॅम्पाला गाव थेट अर्ज करत नाही. वनपरिक्षेत्र अधिकारी प्रस्ताव उपवनसंरक्षकांकडे पाठवतात, तिथून तो राज्याच्या वार्षिक कार्य आराखड्यात जातो आणि शेवटी केंद्राच्या प्राधिकरणाकडे. ही साखळी लांब आहे. पुढच्या एप्रिलमध्ये पैसा हवा असेल तर आदल्या पावसाळ्यातच परिक्षेत्र कार्यालयात कागद पोचलेला बरा. जानेवारीत गेलात तर आराखडा वर गेलेला असतो आणि मग वर्षभर वाट बघावी लागते.

दुसरं दार रोजगार हमीचं, आणि लाल शाईची ती ओळ आम्हाला मिळाली ती इथेच. मनरेगाच्या अनुसूचीत लिहिलेलं होतं की गवत काढणं, दगडगोटे वेचणं अशी मोजता न येणारी, पुन्हा पुन्हा करावी लागणारी कामं घ्यायची नाहीत. नियम वाईट नाही. त्याने कागदावरची खोटी कामं रोखली जातात. पण त्यामुळे "घाणेरी काढणे" हे नाव त्या चाळणीत अडकतं. तेच काम "निकृष्ट वनक्षेत्रावर वृक्षलागवड व चराई विकास" म्हणून मांडलं, त्यात समतल चर, दगडी बांध, खड्डे, रोपं, गवत पेरणी आणि देखभाल आली, आणि जागा साफ करणं हा त्याचा पहिला टप्पा झाला, तर त्याला मोजमाप मिळतं. आमचा दुसरा प्रस्ताव याच नावाने गेला आणि मंजूर झाला. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा मंजूर केला आहे. त्यामुळे प्रस्ताव लिहिण्याआधी तालुक्याच्या रोहयो शाखेतून चालू कामांची यादी हातात घ्या, जुन्या यादीवर विसंबू नका.

अनुसूचित क्षेत्रातलं गाव असेल तर तिसरं दार घरातच आहे. महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांत असं क्षेत्र आहे. २०१५पासून आदिवासी घटक कार्यक्रमाच्या निधीतले ५ टक्के थेट या ग्रामपंचायतींना मिळतात. त्यालाच सगळे पेसाचा अबंध निधी म्हणतात. पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. तो ग्रामसभा कोषात जमा होतो आणि खर्चाच्या चार बाबींपैकी एक वनीकरण, वन्यजीव संवर्धन, जलसंधारण आणि वनउपजीविकेची आहे. बहुतेक गावांत हा पैसा समाजमंदिर आणि सिमेंट रस्त्यात जातो. रस्ता नको असं मी म्हणत नाही. पण या निधीतले पन्नास-साठ हजार जरी गवताच्या बियाण्याला आणि दुसऱ्या वर्षीच्या खुरपणीला मिळाले तरी मोठ्या योजनांनी सोडलेली फट बुजते. वरच्या मंजुरीची लांब साखळी इथे नाही, पाडा ठरवेल ते होतं. नवख्या गावाने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे.

व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. तिचा पैसा ग्राम परिस्थितिकीय विकास समितीच्या सूक्ष्म आराखड्यानुसार खर्च होतो, म्हणून घाणेरीचं काम त्या आराखड्यात लिहिलेलं आहे का ते बघा. नसेल तर पुढच्या बैठकीत घाला. शिवाय प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाचं स्वतःचं प्रतिष्ठान असतं आणि पर्यटनातून त्याच्याकडे पैसा येतो. ताडोब्यात पुनर्वसन झालेल्या नवेगाव, जामणी या गावांच्या मोकळ्या जागांवर आज कुरणं आहेत. तिथे चरणारी चितळं-सांबरं बघितली की आपण कशासाठी भांडतोय ते डोळ्यांना दिसतं.

उरलेली दारं थोडक्यात. जिल्हा वार्षिक योजनेत वनांसाठी तरतूद असते, तिथे जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीआधी पालकमंत्र्यांपर्यंत आणि आमदारांपर्यंत मागणी पोचावी लागते. वनहक्क मिळालेल्या गावांसाठी २ ऑक्टोबर २०२४ला सुरू झालेल्या धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियानात सामूहिक वनांच्या व्यवस्थापनाला मदत आहे, त्यासाठी आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयात जा. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल तर लोकजैवविविधता नोंदवहीत उपऱ्या वनस्पतींची नोंद करून घ्या. समितीकडे पैसा थोडा असतो, पण ती नोंद बाकीच्या प्रस्तावांना आधार देते.

प्रस्ताव लिहिताना

ठराव आधी, बाकी सगळं नंतर. आमच्याकडे चाललेला मसुदा असा:

"कक्ष क्रमांक ___ मधील ___ हेक्टर निकृष्ट वनक्षेत्रावर उपऱ्या झुडपांचे निर्मूलन, स्थानिक गवत व वृक्षप्रजातींचे पुनरुज्जीवन, मृद व जलसंधारण आणि सलग तीन वर्षे देखभाल हे काम हाती घेण्यास ही ग्रामसभा मंजुरी देत आहे. कामावर गावातील इच्छुक स्त्री-पुरुषांना प्राधान्याने रोजगार द्यावा. कामाच्या क्षेत्रात पहिली दोन वर्षे चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळण्याची जबाबदारी ग्रामसभा घेत आहे."

शेवटचं वाक्य कोणी सांगत नाही, पण अधिकाऱ्याला तेच हवं असतं. त्याला भीती असते की आपण पैसा घालू आणि गुरं रोपं खाऊन टाकतील. मात्र चराईबंदी लिहिण्याआधी गुराख्यांशी बसून बोला, त्यांना दुसरा तुकडा ठरवून द्या. नाहीतर पहिला वाद गावातच लागेल.

सरपणाचाही प्रश्न आधीच सोडवा. घाणेरीच्या काड्यांवर कितीतरी घरांची चूल पेटते, कुंपणंही तिचीच असतात. काढलेला माल कोण नेणार, किती नेणार हे ठरावात लिहा. कर्नाटकातल्या मले महादेश्वर डोंगरात सोलिगा लोक घाणेरीच्या फांद्यांपासून फर्निचर बनवतात. आपल्याकडे ते सगळीकडे जमेलच असं नाही, पण बुरूड कामाची परंपरा असलेल्या गावाने करून बघण्यासारखं आहे.

अंदाजपत्रक तीन वर्षांचं करा. एका वर्षाचं असेल तर घेऊच नका, असं मी गावांना सांगतो आणि त्यावरून माझे वादही झाले आहेत. पहिल्या वर्षी ३२० मनुष्यदिवस लागले तर दुसऱ्या वर्षी साधारण तिसरा हिस्सा, तिसऱ्या वर्षी सहावा हिस्सा धरा. त्यात बी गोळा करणं, पेरणी आणि राखण यांची मजुरी वेगळी मांडा. जेसीबी लिहू नका. जंगलात यंत्र घालायला वेगळी परवानगी लागते, माती उलटीपालटी होते, आणि उघड्या मातीवर सगळ्यात आधी घाणेरीच उगवते.

जोडपत्रांत कक्षाचा नकाशा, मोजणीचा तक्ता, चुन्याच्या दगडावरचे फोटो, ठराव, वनहक्क असेल तर अधिकारपत्र आणि व्यवस्थापन आराखडा, समितीच्या पासबुकाची प्रत एवढं असू द्या. दोन प्रती घेऊन जा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. शिक्क्याशिवाय परत येऊ नका. पुढे तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग कार्यादेश. फाइल कुठे आहे हे दर पंधरा दिवसांनी त्याच आवक क्रमांकावर विचारा. आमच्या गावातल्या दोन बाया बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्या की वाटेत कार्यालयात डोकावतात. फाइल हलण्यात त्यांचा वाटा माझ्या सगळ्या पत्रांपेक्षा मोठा आहे.

काढायची कशी

वरून छाटलेली घाणेरी मरत नाही, बुडातून दहा फुटवे फोडते. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी सांगितलेली पद्धत सोपी आहे: बुंध्याभोवतीची माती सारून मुख्य मूळ जमिनीच्या तीन-चार सेंटीमीटर खाली तोडायचं आणि झुडूप उलटं करून मुळं आकाशाकडे ठेवायची, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका साठीच्या मावशींच्या हातात. त्यांनी विळ्याने आधी खालच्या फांद्या कापून गुडघा टेकायला जागा केली, पदर डोक्याला घट्ट बांधला, सब्बल तिरकी घालून एकदाच दाबली. मातीत "कट्" असा आवाज आला. मग झुडूप उचलून त्यांनी जवळच्या ऐनाच्या बेचक्यात उलटं अडकवलं आणि म्हणाल्या, "आता हे मातीले पाय लावत नाही." आम्ही तरुण मंडळी कुदळीने घाव घालून दमलो होतो.

हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे सदरे अंदाजपत्रकात लिहाच. तिची खोडं खरखरीत आणि काटेरी असतात, दोन दिवसांत मनगटं ओरबाडून निघतात. दाट जाळीत रानडुक्कर, अस्वल, कधी वाघसुद्धा बसलेला असतो, म्हणून सकाळी काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी मिळून आवाज करा आणि कोणाला एकटं आत सोडू नका. सगळी जागा एकदम उघडी करू नका. पट्ट्या पाडा, एक साफ करा, एक पुढच्या वर्षासाठी ठेवा. ससे, मोर, तितर यांना त्या जाळ्यांचाच आडोसा उरलेला असतो.

वेळेचं गणित असं बसवा. पावसाळा ओसरला की माती ओली असते, ऑक्टोबर ते डिसेंबर काढणी. त्याच दिवसांत चांगल्या कुरणांवर गवताचं बी पिकतं. मारवेल, पवन्या, डोंगरी यांचं बी गोळा करून गोणपाटात, कोरड्या जागी टांगा. मेळघाटात गजानन मुरतकर यांच्यासारखे गवताचे अभ्यासक कित्येक वर्षं सांगत आले आहेत की बी त्याच भागातलं असावं, आणि माझा अनुभवही तोच आहे. बाहेरून आणलेलं बी उगवतं, पण टिकत नाही. काढलेल्या झुडपांचे ढीग १५ फेब्रुवारीच्या आत हलवा. त्या तारखेपासून १५ जूनपर्यंत वणव्याचा हंगाम धरतात, आणि वाळलेली घाणेरी रॉकेल टाकल्यासारखी पेटते. उन्हाळ्यात चर आणि खड्डे. जूनच्या पहिल्या पावसाआधी बी मातीत.

मजुरी, हजेरी आणि दुसरा ऑगस्ट

रोज संध्याकाळी हजेरीपट आपल्या वहीत उतरवून घ्या. मोबाइलवर हजेरी लागते, पण जंगलात नेटवर्क नसतं आणि मग लोकांचे दिवस बुडतात. वहीतली नोंद, सह्या आणि त्या दिवशी साफ केलेल्या चौकोनांचे क्रमांक असले की तक्रार करायला आधार राहतो. मोजमाप पुस्तिकेत नोंद होताना समितीचा एक माणूस हजर हवा, आणि तो बाई असेल तर आणखी चांगलं. मजुरीचा वाद शेवटी त्यांच्यापर्यंतच येतो.

पेरणीनंतरच्या ऑगस्टमध्ये जा. आमच्या त्या जागेवर गवत घोट्याइतकं आलं होतं आणि त्याच्या मधून बोटभर उंचीची घाणेरीची रोपं शेकड्यांनी डोकावत होती. पाऊस पडून गेल्यावर ती नुसत्या हाताने उपटून येतात, सब्बल लागत नाही. अकरा बाया आणि शाळेतली काही पोरं चार दिवसांत तो तुकडा करून गेली. याच चार दिवसांची मजुरी दुसऱ्या वर्षाच्या अंदाजपत्रकात असते. तिचा हप्ता उशिरा आला तर पेसाच्या कोषातून उसनी द्या, ठरावात तशी सोय करून ठेवा. कारण हप्त्यासाठी डिसेंबरपर्यंत थांबलात तर त्याच रोपांना पुन्हा सब्बल लागेल.

आणि परत आल्यावर त्याच चुन्याच्या दगडावरून फोटो काढा, मागे तारीख आणि हप्त्याचा क्रमांक लिहा, एक प्रत परिक्षेत्र कार्यालयात द्या. तिसऱ्या वर्षाची मागणी त्या फोटोसोबतच करायची.